सहा भाग, तीन डबे: नाशिकच्या एका पॉडकास्ट मालिकेच्या प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कॉलेज रोडला पहिली बैठक. आम्ही तिघं: ताई निवेदन करणार, सिडकोतला मित्र ध्वनी सांभाळणार, संशोधन, संकलन आणि हिशेबाची वही माझ्याकडे. पहिला हंगाम सहा भागांचा. प्रत्येक भाग चाळीस मिनिटांच्या आत, कारण नाशिकरोडहून सातपूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचा एका बाजूचा प्रवास साधारण तेवढाच असतो आणि आपला श्रोता तोच आहे.

विषयांचे तीन डबे केले, प्रत्येकात दोन भाग. संस्कृती: होळीनंतरची वीरांची मिरवणूक आणि रहाडी म्हणजे रंगपंचमीचे हौद, येवल्याची पैठणी. करमणूक: मालेगावचा सिनेमा, दादासाहेब फाळके. नातेसंबंध: लग्न जुळवणं, आणि एका विवाह समुपदेशक बाईंशी गप्पा. कागदावर छान दिसतंय. ताईला शंका आहे, पण ती कसली ते तिलाच नीट सांगता येईना.

५ फेब्रुवारी, बुधवार

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आवाजाची चाचणी. उसना आणलेला कंडेन्सर माइक फारच गुणी निघाला. खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी, सगळं त्याने इमानदारीत टिपलं. स्टुडिओ असेल तर तो ठीक. आपल्याला साधा डायनॅमिक माइकच बरा, तोंडापासून चार बोटांवर. भिंतीला दोन गोधड्या आणि पाहुण्याच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेलं कपाट सताड उघडं. खोलीचा घुमारा बराच बसला.

ठरलेलं: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाभराच्या रेकॉर्डिंगला साधारण ५२० एमबी लागतात, म्हणून त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती. प्रत्येक ठिकाणी बोलणं सुरू होण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट घ्यायचा. संकलनात दोन वाक्यं सांधताना तो खाली अंथरला की सांधा ऐकू येत नाही. पाहुण्यांना हा अर्धा मिनिट फार जड जातो. हसू फुटतंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

समुपदेशक बाईंचं रेकॉर्डिंग झालं. बाई अनुभवी, बोलणं स्वच्छ, आवाज तर इतका चांगला की मित्राने पातळीला हातसुद्धा लावला नाही. पण रात्री हेडफोन लावून ऐकलं तर पाऊण तासात एकही माणूस भेटत नाही. संवाद हवा, एकमेकांना मोकळीक द्या, अपेक्षा बोलून दाखवा. खोटं यातलं काहीच नाही. आलेल्या जोडप्यांच्या गोष्टी त्या सांगणार नाहीत, सांगूही नयेत. मग उरतं ते तात्पर्य, आणि गोष्टीवाचून तात्पर्य कोण ऐकणार?

माइक बंद झाल्यावर चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे प्रेमावरून भांडणारे कमीच येतात. गाडीचा हप्ता कुणी भरायचा, यावरून जास्त." हे एक वाक्य अख्ख्या भागाला भारी होतं. परवानगी घेऊन वहीत लिहून ठेवलंय.

ताईचं म्हणणं आता स्पष्ट झालं: 'नातेसंबंध' अशी पाटी लावून माणसाला समोर बसवलं की तो प्रवचनाला लागतो. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारायचं. घरचे लोक त्यात आपोआप येतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

निफाड तालुका. द्राक्षांची काढणी ऐन भरात. भागाचा विषय लग्न जुळवण्याचा. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, ही इकडच्या घराघरातली गोष्ट. ताईने लग्नाचा विषयच काढला नाही. छाटणीपासून सुरुवात केली: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधली औषधं, अवकाळीची धास्ती. कामाला पेठ-सुरगाण्याकडची माणसं आलेली. सावलीत बसून बायका घडातले खराब मणी छोट्या कात्रीने काढत होत्या आणि त्यांच्यात घरच्या मावशीही होत्या. मुलगा चौतिशीचा, क्रेट उचलत मागे-पुढे करत होता.

वीसेक मिनिटं भाव आणि व्यापारी झाले. मग मावशी आपणहून बोलायला लागल्या.

"मुलीकडचे आधी विचारतात, नाशकात फ्लॅट आहे का. मग विचारतात, शेती किती. शेती पाहिजेच हं त्यांना! फक्त मुलीने शेतात पाय ठेवायचा नाही."

ताई नुसतं "हं" म्हणाली. कात्री चालूच.

"आता दुसऱ्याला काय बोलू? माझी मुलगी पुण्याला दिलीये. कॉम्प्युटरवाला आहे जावई. मी तरी कुठं दिली शेतकऱ्याला?"

मुलाने क्रेट खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, गाडी आली." गाडी आली नव्हती.

कात्रीचा आवाज प्रत्येक वाक्याखाली आहे. मित्र तो फिल्टरने काढतो म्हणाला. काढायचा नाही, असं ठरलं. मावशींना जिथं बोलणं अवघड जातं तिथं कात्री भराभर चालते. हे कुणी लिहून दिलं असतं तर नाटकी वाटलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. गावात आज जिकडेतिकडे कुसुमाग्रज. आम्हाला एका भागाच्या सुरुवातीला त्यांच्या चार ओळी हव्या होत्या, म्हणून हक्कांचा विषय आजच मार्गी लावला. आपल्याकडे साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १० मार्च १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगीशिवाय हात लावायचा नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गाण्यांना २०६४ पर्यंत तोच नियम.

जुन्या तबकड्यांचं गणित वेगळं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांचा, म्हणून १९६४ ची तबकडी या जानेवारीत मोकळी झाली. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क ज्याचे त्याचे निराळे, आणि ते बहुधा अजून चालू असतात. "जुनं आहे, कोण विचारतंय" असं म्हणणारे बरेच भेटले. नको. पहिल्या हंगामात बाहेरचं संगीत अजिबात नाही, जिथं गेलो तिथलेच आवाज. पैसे वाचले हा फायदा वेगळा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मालेगाव. आग्रा रोडने शंभरेक किलोमीटर. शुक्रवार मुद्दाम निवडला: यंत्रमागांना सुट्टी. एरवी गावात शिरलं की मागांच्या खडखडाटात माइक काढायची सोय नसते. आणि सुट्टीचा दिवस म्हणजे इथं पिढ्यान्‌पिढ्या सिनेमाचा दिवस. योगायोग असा की मालेगावच्या याच हौशी सिनेमावाल्यांवरचा हिंदी चित्रपट आज देशभर लागला. चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. रविवारपासून रोजे सुरू होतील असा अंदाज, त्यामुळे बाजारात दुप्पट गर्दी.

भागाचा कणा सरळ आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'शोले'ची मालेगावी आवृत्ती काढली, डाकूंना घोड्यांऐवजी सायकलींवर बसवलं, आणि गाव वेडं झालं. मग एकामागून एक नकला निघाल्या, त्यात सुपरमॅनसुद्धा उडाला. लग्नाच्या व्हिडिओचा कॅमेरा, शेजारीपाजारी नट, माग बंद असेल तेव्हा चित्रीकरण.

आम्हाला त्या काळी गर्दीत उभं राहिलेला एक माग कारागीर भेटला. ताईने विचारलं, सिनेमात दिसलात तेव्हा घरचे काय म्हणाले? तो बराच वेळ हसला. त्याच्या अब्बांनी पार्लरमध्ये जाऊन सिनेमा पाहिला, घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला तिकीट काढून देऊन पाठवलं. शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं, "आखिर तक बैठना, मेरा लड़का बाद में आता है."

भाषेचा प्रश्न निघाला. मालिका मराठी, पाहुणे मालेगावी हिंदी-उर्दूत बोलतात. डबिंग करायला मित्र तयार होता. ताई म्हणाली, नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला मालेगावचं बोलणं कळत नाही असं म्हणणं म्हणजे हद्द झाली. मूळ आवाज तसाच. जिथं अगदीच अडेल तिथं निवेदनात एक ओळ.

१४ मार्च, शुक्रवार, धूलिवंदन

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी आधी सांगायला हवं: नाशिकच्या गावठाणात आज रंग खेळत नाहीत, तो पंचमीला. आज वीर. घराण्यात कुणी लढाईत किंवा अकाली गेलेला असेल तर त्याचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा, देवघरात असतो. धूलिवंदनाला तो बाहेर काढतात, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन अंघोळ घालतात आणि परत आणतात. लहान मुलांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज असे वेश देतात.

दुपारी तीनपासून भद्रकालीच्या पुढच्या एका गल्लीत एका घरी बसलो. आजींनी खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवला, लाल कापड चारी बाजूंनी वर घेतलं, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. पहिली गाठ सैल होती म्हणे. नातू शिवाजी महाराज झालेला. काजळाची मिशी घामाने ओठावर उतरली होती आणि तो ती जिभेने चाखून बघत होता. वीर म्हणजे आजींचे दीर. लग्नाआधीच गेले. आजींनी त्यांना पाहिलेलंही नाही.

"मग तुम्ही काय म्हणून हाक मारता?" ताई.

"भाऊजीच की. दुसरं काय म्हणू?"

या घराण्यात दोन भाऊ. वाडा वाटून घेतला, मधे भिंत घातली, बोलणं बंद आहे. देवघरातलं बाकी सगळं वाटलं, पण वीर वाटता येत नाही. त्यामुळे आजच्या दिवशी दोघेही मिरवणुकीत असतात, एक वाटी धरून आणि दुसरा त्याच्या शेजारी. ढोल आणि हलगीच्या गजरात कुणी कुणाशी बोलायचं कारणच पडत नाही. धाकटे भाऊ आम्हाला म्हणाले, "एवढं बरंय बघा." मोठ्यांनी माइकसमोर यायला नकार दिला, पण आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

रात्री दाजीबा वीर. बुधवार पेठेतून निघणारा हा मानाचा बाशिंगे वीर. अंगाला हळद लागलेली असतानाच हल्ल्यात मारल्या गेलेल्या नवरदेवाची आख्यायिका त्यामागे आहे. म्हणून डोक्याला बाशिंग, आणि लग्न जमत नसलेल्यांचे नवस त्याच्याकडे. दारोदार बायका ओवाळायला थांबलेल्या. निफाडच्या मावशी आठवल्या. हे दोन भाग एकामागून एक लावले पाहिजेत, मग डबा कुठलाही असो.

तांत्रिक: ढोलाजवळ पातळी लाल रेघेपार गेली होती. मित्राने दुसऱ्या रेकॉर्डरवर बारा डेसिबल खाली समांतर मुद्रण ठेवलेलं, ते वापरायचं.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

रहाडी. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर जमिनीखाली झाकलेले, वरून रोजची रहदारी चालते. पंचमीच्या आधी उघडून साफ करतात, फुलांचे नैसर्गिक रंग उकळून ओततात, पूजा करतात आणि मग उड्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. उडी मारली की पाणी उसळून काठावरचे लोकही न्हातात, तो धप्पा.

रेकॉर्डर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. "ये ना भो, उभा काय राहिला!" हे पन्नास वेगवेगळ्या आवाजांत मिळालं. धप्प्याचा आवाज पिशवीमुळे आणखी छान आला, पोटात जाणारा. मित्र रंगात पडला. तो स्वतः पडला की पाडला यावर दुमत आहे. रेकॉर्डर कोरडा. मुलाखत म्हणून इथं काही मिळणार नव्हतं, मिळालंही नाही. वीरांच्या भागाच्या शेवटी तीन मिनिटं नुसती रहाड वाजेल.

१३ एप्रिल, रविवार

येवला. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर इथं दुकानांची संख्या बघून डोळे फिरतात. आम्हाला हातमाग हवा होता. घराच्या पुढच्या खोलीत खड्डामाग, नवरा-बायको आळीपाळीने बसतात. पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी. मोराच्या एका पिसाऱ्यासाठी त्या बाईंच्या बोटांखाली रंगीत तिल्ल्यांची रांगच लागली होती. डोळ्यांनी तारा मोजायच्या, तिल्ली आत घालायची, शेजारच्या रंगात अडकवून बाहेर काढायची. म्हणूनच अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूने पाहिला तरी नक्षी स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. पदर भारी असेल तर महिने जातात.

ताईने दोघांचं विणकाम ओळखता येतं का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "ह्यांचा हात घट्ट. माझा मऊ. मालक लोकांना कळत नाही, पण आम्हाला पदर उलगडला की दिसतं, इथं मी उठले आणि इथं हे बसले." भांडण झालं तर? "तर त्या दिवशीचं सगळं घट्टच. दोघांचंही."

त्यांच्या स्वतःच्या लग्नात पैठणी नव्हती. अजूनही नाही.

३० एप्रिल, बुधवार

फाळके जयंती, जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०. सकाळी पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकात गेलो, थोडं वाऱ्याचं मुद्रण घेतलं. मूकपटाच्या जनकावर फक्त ऐकण्याचा भाग करायचा, यावर मित्राने दिवसभर कोट्या केल्या.

फाळके सगळ्यांना पाठ आहेत: 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन, उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, १९१८ पासून नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी, १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच अखेर. हे सगळं चार मिनिटांत आवरायचं आणि उरलेला भाग त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना द्यायचा, असा ताईचा प्रस्ताव. मला पटला. भांडवलासाठी दागिने त्यांनी दिले. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांवाचून यायची. रात्री अंधारात बसून ती भोकं पाडायचं काम त्या शिकल्या. रसायनं कालवली, फिल्म धुतली, आणि घरात राहणाऱ्या सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. थोरली मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली, तेही १९१९ साली, नाशिकला कंपनी असताना.

आजच्या भाषेत लाइन प्रोड्युसर, लॅब टेक्निशियन आणि फायनान्सर. चौकातल्या फलकावर मात्र 'सुविद्य पत्नी' एवढंच लिहिण्याची आपली पद्धत. हा भाग करमणुकीच्या डब्यात टाकायचा की नात्यांच्या, यावर वाद झाला नाही; कुणी प्रश्नच विचारला नाही.

११ मे, रविवार

अंतिम मिश्रण. सगळे भाग उणे १६ लफ्सला (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आणले, म्हणजे एक भाग संपून दुसरा लागला तर बसमधल्या माणसाला आवाजाचं बटण शोधावं लागू नये. मोनो, ९६ केबीपीएसची एमपी३; तासाला त्रेचाळीसेक एमबी, गावाकडच्या नेटवर्कवर उतरेल एवढी. मुखचित्र ३००० पिक्सेल चौरस लागतं, पण लोक पाहणार ते नखाएवढं. तिथं मात्रा आणि अनुस्वार आधी गायब होतात. अक्षरं जाड केली, चित्रातला घाट काढला.

अर्ज भरताना विभाग निवडायचा आला. ॲपलच्या यादीत 'समाज आणि संस्कृती'च्या पोटातच 'नातेसंबंध' आहे, चित्रपट-टीव्हीचं खातं निराळं. पहिलं निवडलं आणि पुढे गेलो. भागांच्या नावांतून डब्यांची लेबलं काढून टाकली. समुपदेशक बाईंचा स्वतंत्र भाग नाही. हप्त्याचं वाक्य निफाडच्या भागाच्या आरंभी येतं. हे त्यांना फोन करून सांगितलं. "वाचले!" म्हणाल्या, "मलाही ऐकताना झोप आली होती." रिकाम्या जागी सहावा भाग म्हणून वीरांचा भाग दोन तुकड्यांत: एक गल्लीतला, एक दाजीबाचा.

क्रम: निफाड, दाजीबा, मालेगाव, गल्लीतले वीर आणि रहाड, येवला, फाळके.

१८ मे, रविवार

प्रसारणापूर्वी प्रत्येक पाहुण्याला त्याचा भाग ऐकवायचा, हे ठरलेलंच होतं. येवल्याहून होकार. मालेगावच्या कारागिराने भाग आठ जणांना आधीच पाठवून टाकला, त्याला काय म्हणणार. भद्रकालीच्या घरी जाऊन मोबाइलवर ऐकवला. भिंतीपलीकडचे मोठे भाऊ दारात येऊन उभे राहिले, शेवटपर्यंत ऐकलं आणि "ढोल जरा कमी करा" एवढीच दुरुस्ती सांगून गेले. केला.

निफाडच्या मावशींचीच सगळ्यांना धास्ती होती. मुलीच्या लग्नाचं ते वाक्य त्या काढायला लावणार, आणि ते काढलं तर भागात काही उरत नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं, सुनेची वाट बघणाऱ्या त्या घरात स्पीकरवर, मुलासमोर.

"ते मुलीचं राहू द्या," त्या म्हणाल्या, "खरंय ते. पण सोसायटीचं कर्ज किती म्हटलेय मी, तेवढा आकडा काढा. भाऊबंद ऐकतात."

आकडा काढला, कात्री ठेवली, फाइल रात्री चढवली.